कळसाच्या वर कुणी जायचं नाही

आमच्या भागात ड्रोनला कुणी ड्रोन म्हणत नाही, डोरन म्हणतात. मी गावात मोटारसायकलवरून उतरलो की कुणीतरी ओरडतंच, "डोरनवाले मामा आले!" आणि मग माझी काळी पेटी उघडेपर्यंत लोकांना दम निघत नाही. सोनपेठच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ होता. अजून आहे, पण तिथं आता मुलगा आणि सून बसतात. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो हे सगळं करून झाल्यावर, डोक्यावर उरलेले केस पांढरे झाल्यावर, मी हे उडतं यंत्र शिकलो. परवान्याच्या वर्गात पहिल्या दिवशी बाकावर जाऊन बसलो तर शेजारच्या पोराने विचारलं, "काका, नातवाला सोडायला आलात का?" परीक्षेत मी पास झालो आणि तो नापास झाला. हे सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिताच येणार नाही.

लोकांना वाटतं, बटण दाबलं की ते वर जातं आणि आपोआप सिनेमा तयार होतो. तसं नसतं. आकाशाचासुद्धा सरकारी नकाशा असतो, आणि तो आमच्या मोबाईलवर दिसतो. त्यात तीन रंग. हिरव्या भागात ठरलेल्या उंचीपर्यंत उडवायला मुभा असते. पिवळ्या भागात विमानतळाच्या लोकांना विचारावं लागतं. लाल भागात खास परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, म्हणजे पंखा टाकायचा नाही. आमचा परभणी जिल्हा बहुतेक हिरवा, नांदेडच्या विमानतळाकडे सरकलं की पिवळा व्हायला लागतो. पण हा हिरवा रंग पक्का नसतो. निवडणूक आली, कुणी मोठा पाहुणा यायचा असला, की रातोरात मनाई येते आणि पेटी बंद करून घरी बसावं लागतं.

हा झाला सरकारचा नकाशा. मी बहुतेक कामं केली ती देवळं, दर्गे, मठ, यात्रा यांची, आणि तिथं दुसराही एक नकाशा असतो. तो मोबाईलवर दिसत नाही. तिथल्या माणसाला विचारावा लागतो, आणि विचारताना पेटी बंद ठेवावी लागते. उघड्या पेटीने विचारलं की समोरच्याला वाटतं, हा विचारायलाय कुठं, सांगायलाय.

पेडगावच्या बाजूला एका लहान दर्ग्याच्या उरुसाचं काम होतं. मजार उघड्यावर, वर छत नाही. तिथले मुजावर म्हणजे दर्ग्याची सेवा करणारे चाचा. त्यांनी माझं यंत्र हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "मामू, उडाव तुम्हारा पाखरू, कुछ बात नहीं. लेकिन मजार पे उसका साया नक्को पडना." मी हो म्हणालो खरं, पण मग डोकं खाजवत बसलो. संदलची मिरवणूक दुपार कलल्यावर होती. सूर्य पश्चिमेला. म्हणून मी यंत्र मजारीच्या पूर्वेलाच ठेवलं, की सावली आणखी पूर्वेला, ज्वारीच्या रानात पडेल. मिरवणूक आली, सगळं गाव तोंड वर करून बघत होतं आणि चाचा एकटे जमिनीकडे बघत उभे. वाऱ्याने यंत्र थोडं आत ढकललं तसा त्यांचा हात वर झाला, मी बाहेर ओढलं, हात खाली आला. असं आम्ही दोघांनी मिळून ते उडवलं. शेवटी त्यांनी मला मलिद्याचा द्रोण दिला आणि म्हणाले, "अच्छा उडाया. हमने."

सगळी गिऱ्हाइकं इतकी साधी नसतात. एका भल्या माणसाने मला त्याच्या शेताजवळच्या मारुतीचं देऊळ वरून घ्यायला बोलावलं. मी घ्यायला लागलो तर हा म्हणतो, "मामा, जरा डावीकडं घ्या. आनखी जरा. त्या लिंबापतुर घ्या." लिंबाशी भावाचा बांध होता. बांध कुणी कोरलाय ते त्याला वरून बघायचं होतं आणि मारुतीला साक्षीला घ्यायचं होतं. मी यंत्र खाली उतरवलं आणि म्हणालो, मारुतीचं झालं, बांधासाठी मोजणीवाल्याला बोलवा. तो रागावला नाही. "इचारून बगितलं," म्हणाला आणि चहा पाजला.

एक खंत मात्र आहे, ती लिहूनच टाकतो. इतक्या देवळांवरून उडलो, पण त्यातल्या फार थोड्या देवळांत आत जाऊन हात जोडले. काम संपलं की बॅटऱ्या मोजायच्या, पेटी भरायची, उजेड आहे तोवर निघायचं. बायको म्हणते, तुम्ही सदा पडद्यावर वाकलेले, देव तुम्हाला ओळखतो तो टकलावरून. तिचं अगदीच खोटं नाही.

आता ज्या कामासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

राणीसावरगावच्या अलीकडे फाट्यावरून आत गेलं की एक गाव लागतं. नाव लिहीत नाही. त्या गावाला पाहुणे आवडतात, गर्दी आवडत नाही. गावाच्या मधोमध देवीचं देऊळ, तेही लहानसंच. आणि सगळ्या गावात एकही माडी नाही. ज्याच्याकडे चार पैसे आले त्यानेसुद्धा घर आडवं वाढवलं, उभं नाही. देवीच्या कळसाच्या वर कुणी जायचं नाही, कुणी राहायचं नाही, हा तिथला नेम. पाण्याची टाकी शिवेबाहेर खोलगट जागेत बांधलीय. नळाला पाणी चढत नाही म्हणून बायका रोज कुरकुर करतात, पण टाकी वर घ्या असं एकीनेही कधी म्हटलेलं नाही. मोबाईलचा टॉवर शेजारच्या गावाने नेला. त्यामुळे इथं रेंज नाही, फोन करायचा तर फाट्यावर जावं लागतं.

या देवळाचं जुनं शिखर भेगा पडून ढासळायला आलं होतं. गावाने नवं बांधलं. त्याचे दगड डोंगरातून आणले ते माळावरच्या आळीने. या आळीतली बहुतेक घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, कुणी कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात, आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. पावसाळ्यात घरी असताना त्या लोकांनी दगड वाहिले. कळस ज्या दगडावर बसतो तो सगळ्यात वरचा बैठकीचा दगड. तो किसन नावाच्या तरुणाने खांद्यावरून आणला. आणि कळस चढवायचा मुहूर्त निघाला तो नेमका माघातला. दुसरा सोयीचा मुहूर्तच नव्हता. टोळी अर्ध्यावर सोडून येता येत नाही, म्हणजे ज्यांनी शिखर उभं केलं तेच कळसाला नसणार.

मला पहिला फोन आला तो या किसनचा.

"मामा, मी किसन बोलायलोय, फडातून. आमची अख्खी आळी हितं ऊस तोडायलीय. कळस चढताना आमाला बगायचाय. मी आनलेल्या दगडावर बसायलाय तो. आमच्या हयातीत पुन्ना न्हाई चढायचा. तेवढं करा."

मी आधी नकाशा पाहिला. हिरवा. मनात म्हटलं, झालं काम.

गावात गेलो, देवळापुढे बैठक बसली. तिथले गुरवबाबा वाळक्या शेंगेसारखे बारीक, आवाजही बारीक, पण देवळातला शब्द त्यांचा. मी मोबाईलवर साठवून आणलेला नकाशा त्यांच्यापुढे धरला. "बाबा, हे बघा, इथं हिरवं आहे. सरकारची हरकत नाही."

त्यांनी नीट पाहिलं. "सरकारचं हिरवं आसंल जी. पर देवीचं लाल हाय."

सगळे हसले, मीही हसलो. पण अडकलो होतो. कळस बसताना बघायचा तर तेवढ्या उंचीवरूनच बघावा लागतो. चहूबाजूंनी बांबूची परांची बांधलेली, खालून नुसते बांबू आणि पाथरवटाचे पाय दिसणार.

तेव्हा मागे बायकांत बसलेली एक म्हातारी उठली. सत्यभामाबाई, किसनची आई. नातवंडांना सांभाळायला ती गावात राहिली होती.

"बाबा, पाथरवट चढतो का न्हाई वर? कळस बसस्तोवर त्येचं डोकं वरच ऱ्हातंय की. त्येला कसं चालतंय?"

"त्येला नेम हाय," गुरवबाबा म्हणाले. "सकाळधरनं उपाशी. आंघूळ. अंगावर कातडं न्हाई. वर गेल्यावर बोलायचं न्हाई. आन् कळस बसायच्या आदी डोकं खाली."

"मग डोरनला बी त्योच नेम लावा!"

मला हसू आलं, पण गुरवबाबा हसले नाहीत. ते खरोखरच विचार करायला लागले. कळस बसत नाही तोवर ते नुसतं बांधकाम, बसला की देवीचं माथं, हे त्यांनी स्वतःशीच पुटपुटत तपासून पाहिलं. मग एकेक कलम निघालं. यंत्राला आंघोळ घालता येणार नाही हे मी कळवळून सांगितलं. ओल्या तुळशीच्या पानाने पाय पुसायचे असं ठरलं. पेटीचा कातडी पट्टा घरी ठेवायचा. यंत्राचा उपास म्हणजे माझा उपास. कुणीतरी विचारलं, चार्जिंग उपासाला चालतं का?

"आदल्या दिवशी भरून घ्या," गुरवबाबा म्हणाले. "सकाळी न्हाई."

"आन् त्ये आवाज करतंय त्येचं काय?"

"घुमतंय त्ये. बोलत न्हाई."

अशी मला देवीची परवानगी मिळाली. सांगतो, परवान्याची परीक्षा याच्यापुढे काहीच नव्हती. कळस वर येत असताना यंत्र शिखराच्या वरून हळूहळू उतरवायचं आणि तो बैठकीवर टेकायच्या आत त्याच्या खाली आणायचं, असं मी ठरवलं. एकच संधी. गावाबाहेरच्या एका बाभळीवर मी त्याचा सराव केला आणि खुशीत होतो.

आदल्या दिवशी दुपारी पोलीस ठाण्याच्या मॅडम आल्या. वयाने माझ्या सुनेएवढ्या, बोलणं मऊ, पण शब्द पक्का. "काका, उद्या कळसाला मोठे पाहुणे हेलिकॉप्टरनं येणार आहेत. सकाळपासून ते परत जाईपर्यंत या भागात ड्रोन बंद. लेखी आदेश आहे."

"मॅडम, मुहूर्त सकाळचा. पाहुणे दुपारी येतील."

"येतील तेव्हा येतील. आदेश सकाळपासूनचा आहे."

त्यांचं बरोबर होतं. हेलिकॉप्टरच्या वाटेत आमचं यंत्र आलं तर काय होतं ते वर्गात शिकवलेलं असतं, आणि ते शिकल्यावर कुणी चेष्टेवारी नेत नाही. गावातल्या दोघातिघांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम देवीच्या पाया पडायल्या की उडवून घ्या. कोन बगायलंय!" मी नाही म्हणालो. गुरवबाबांना दिलेला शब्द पाळायचा आणि मॅडमचा मोडायचा, हे मला जमलं नसतं. पण फार वाईट वाटलं. किसनला सांगायला फाट्यापर्यंत गेलो, फोन हातात घेतला आणि न लावताच परत आलो.

संध्याकाळी सत्यभामाबाईला निदान तोंडावर सांगावं म्हणून तिच्या घरी गेलो. ती अंगणात काठीला नवं कापड गुंडाळत बसली होती. काठी म्हणजे देवीची काठी, उंच बांबू, त्याला खालपासून वरपर्यंत तांबडं कापड, टोकाला मोरपिसं. ही माळावरच्या आळीची. कळस चढला की ती उभी करून शिखराला टेकवायची, हा त्या आळीचा मान. पण उचलणारे बाप्ये सगळे फडात. या वेळी ती देवीच्या पायरीशी आडवी ठेवायची ठरली होती.

मी तिला आदेशाचं सांगितलं. ती कापडाचा वेढा ओढत राहिली. मग म्हणाली, "किसनला काय सांगू भाऊ मी? कळस बी न्हाई, काठी बी आडवी. मग आमच्या आळीचं कोन व्हतं म्हनायचं तितं?"

मी खाली बघत होतो, ते काठीच्या टोकाकडे. विचारलं, "अक्का, ही कळसाच्या वर जाते का?"

"ह्या! वर कशी जाईल? गळ्याला लागती फकस्त."

मी उठून उभाच राहिलो. कळसाच्या गळ्यापर्यंत जायचा हक्क असलेली एक वस्तू गावात होती आणि ती माझ्यापुढे आडवी पडली होती. पंखे काढून यंत्र तिला बांधलं तर ते उडत नव्हतं. उडत नाही तर आदेश मोडत नव्हता. कळसाच्या वर जात नव्हतं, तर नेमही मोडत नव्हता.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "पंखे माझ्याकडे द्या," म्हणाल्या. मी ते एकेक काढून दिले, त्यांनी रुमालात बांधले आणि खिशात ठेवले. वरिष्ठांना फोन करायला मात्र त्या फाट्यावर जाऊन आल्या. "न उडणारा कॅमेरा चालेल," म्हणाल्या.

काठी आळीत उरलेल्या बायकांनी उचलायची ठरली, तर गुरवबाबांकडे अडचण दुसरीच निघाली. कुणीतरी म्हणालं, बायांनी काठी कशी उचलायची? बाबांनी त्या माणसाकडे पाहिलं. "मान आळीचा हाय. मिशीचा न्हाई."

सकाळी पोटात काही नाही, थंडी बोचरी. यंत्राचे पाय तुळशीने पुसून ते मोरपिसांच्या खाली घट्ट बांधलं. आता एक भीती राहिली होती, ती फक्त मला ठाऊक होती. हे यंत्र पंख्यांच्या वाऱ्यावरच गार राहतं. पंखे नसताना चालू ठेवलं की तापतं आणि फार तापलं की आपोआप बंद पडतं. म्हणून पाथरवट कळस घेऊन वर चढेपर्यंत मी ते बंदच ठेवलं.

हलगी वाजायला लागली. पाथरवट परांचीच्या टोकाला पोचल्यावर मी यंत्र चालू करून दिलं आणि बायांनी काठी उचलली. बुडखा ओट्यावरच्या दगडाच्या खाचेत, सत्यभामाबाईने दोन्ही हातांनी कवटाळून धरलेला, आणि चहूबाजूंनी दोऱ्या ओढून धरलेल्या बाकीच्या बायका. कुणाची सून फडात, कुणाचा लेक, कुणाचे दोघेही. काठी उभी राहिली, डुलली, डावीकडे गेली. "वडा गं, वडा!" ती परत सरळ झाली. माझ्या हातातल्या पडद्यावर आधी आभाळ, मग बांबू, मग एकदम समोर तो बैठकीचा दगड. शेंदूर लावलेला. इतका जवळ, की टाकीचे घाव मोजावेत.

पडद्यावर तापल्याची खूण लुकलुकायला लागली. पाथरवट सावकाश. त्याला माझी घाई माहीत नाही, आणि त्याच्याशी बोलायचंही नाही. त्याने कळस उचलून कपाळाला लावला. खूण तांबडी झाली. माझ्या तोंडून देवीचं नाव निघालं, ते भक्तीने की बॅटरीच्या काळजीने, देवीलाच माहीत. कळस दगडावर आला, पाथरवटाने डोकं खाली घेतलं, कळस थोडा फिरला आणि बसला. पाथरवट खाली सरकला, मोरपिसं कळसाच्या गळ्याला लागली आणि खाली एकच गजर उठला. त्या गजरात कुणाची तरी दोरी सुटली. काठी झुकली, कॅमेऱ्याची मान मोडल्यासारखी झाली आणि तो सरळ खाली बघायला लागला. बायकांनी पुन्हा काठी सावरेपर्यंत यंत्र बंद पडलं.

पाहुणे शेवटी मोटारीने आले, तेही जेवणं झाल्यावर. मॅडमनी मला रुमालातून पंखे परत दिले आणि हसल्या.

मी फाट्यावर जाऊन चित्रण किसनला पाठवलं. घाईत शेवटचा तो वेडावाकडा भाग कापायचा राहिला. सोनपेठला पोचेपर्यंत ते माझ्या मनाला खात होतं. दिवेलागणीला फोन आला. पलीकडे खूप माणसांचा गलका.

"बसला मामा! माझ्या दगडावर बसला! समद्यांनी बगितला."

"किसन, शेवटचं तेवढं खराब आलंय बघ. कॅमेरा खाली वळला. उद्या कापून पुन्हा पाठवतो."

"कापू नगा!" तो जवळजवळ ओरडलाच. "तेवढंच लावायलोत आमी पुन्ना पुन्ना."

मी चित्रण उघडून पाहिलं. इतकी वर्षं उंचावरून माणसं घेतली, ती सगळी डोकी होती. टोप्या, पदर, टकलं. इतक्या उंचीवरून माणसाचं तोंड दिसत नाही. इथं काठीच्या उंचीवरून दोऱ्या धरलेल्या सगळ्या बायका तोंड वर करून बघत होत्या, उन्हाने डोळे बारीक केलेले, आणि मधोमध सत्यभामाबाई, बांबूला गाल लावून.

"कळस कवाच बगून झाला मामा," किसन म्हणाला. "आता समदे आपापली माय हुडकायलेत."

मागून कुणीतरी म्हणत होतं, "थांब, थांब, हितंच थांबव. ती बग माझी."